गौरीसाठी मांडलेला पट

मला माणूस वाटून घेता येत नाही. भाकरी मागा, अर्धी तोडून देईन. लुगडं मागा, धुऊन घडी घालून देईन. पण एकदा माझं म्हणून धरलेल्या माणसाशी दुसरं कोणी दोन शब्द जास्त बोललं तरी मला खपत नाही. माझ्या सासूनं हे लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. "हिच्या देखत लेकाला वाढायची पण चोरी झालीय," असं ती शेजारणींना सांगायची. सांगताना हसायची, म्हणून मला ते तेव्हा लागलं नाही.

नवरा कॅसलरॉकला सांधेवाला होता, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा. माझं माहेर खानापुराकडचं, मोकळ्या शिवाराचं. इथं दाराबाहेर पाऊल टाकलं की रान, आणि पावसाळ्यात रानाबरोबर जळवा. स्टेशनाच्या मागं रेल्वेच्या खोल्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत तारबाबू, कारकून आणि जकात नाक्यावरचे लोक. खालच्या ओळीत आम्ही, म्हणजे सांधेवाले, गँगमन, पाणीवाले. त्यांच्या खोल्यांना दोन खिडक्या होत्या, आमच्या खोल्यांना एक. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणून तिकडं जाणारी गाडी नाक्यावर पेट्या उघडून बघेपर्यंत थांबायची. तेवढ्या वेळात दोन्ही ओळींतल्या बायका फलाटाच्या कडेला येऊन उतारूंची लुगडी बघायच्या. त्या कामात मात्र वरचं-खालचं नव्हतं.

माझ्या शेजारच्या खोलीत एका गँगमनची बायको राहायची. नंदिगड्ड्याकडची, रानातल्या शेतकऱ्याची लेक, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. मी नवीन आले तेव्हा माझ्या पोटरीला जळू चिकटली आणि मी ती ओढून काढायला गेले. तिनं माझा हात धरला, चुलीतली राख आणून वर टाकली, आणि जळू आपसूक गळून पडली. "वडू नको गं अक्का, रगत थांबत न्हाई मग," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी तिची अक्का. तिला या गावात दुसरी अक्का नव्हती, आणि मला तर तिच्याशिवाय कोणीच नव्हतं, म्हणजे मी कोणी होऊ दिलं नव्हतं.

तिनं मला रान शिकवलं आणि मी तिला पट शिकवला. माझ्या आईनं मला जुना कापडी पट बांधून दिला होता, चार पट्ट्यांचा, टाके उसवलेला. सोंगट्या लाकडी, रंग उडालेल्या. कवड्या सहा. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी घरं चालायचं, फक्त एकच उताणी पडली तर दहा आणि एकही नाही पडली तर पंचवीस. प्रत्येकीच्या चार सोंगट्या, सगळा पट फिरून मधल्या घरात न्यायच्या. इथवर कोणालाही येतं. पण पट चौघींनी खेळायचा असतो, दोघी विरुद्ध दोघी, आणि समोरासमोर बसतात त्या एकमेकींच्या भिडू. दोघींच्या मिळून आठही सोंगट्या घरात गेल्याशिवाय डाव जिंकत नाही. एकीच्या चारही आधी गेल्या तर तिनं कवड्या खाली ठेवायच्या आणि बघत बसायचं. मग तिची भिडू एकटी आणि समोर दोघी. म्हणून जाणती बाई आपली शेवटची सोंगटी घरात घालायची घाई करत नाही. ती घराच्या दारावरून पुढं काढते, आणखी एक फेरा मारते, मागं राहिलेल्या भिडूला सांभाळते. हे मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, हे ध्यानात ठेवा.

आता गौरीचं सांगते. गावात असतं तसं आमच्यात कोणाच्या घराला मान नव्हता, कारण आम्ही सगळेच कुठून कुठून आलेलो. कोण बेळगावकडचं, कोण धारवाडकडचं, कोण कारवारकडचं. मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा मंडप होता, तिथं दोन्ही ओळींची मिळून एकच गौर बसायची. झऱ्यावरनं तेरड्याची डहाळी कळशीत घालून ती कोणी आणायची, यावर दर वर्षी भांडण. एके वर्षी तर कळशीला दोघींचे हात आणि कळशी चिखलात. तेव्हा नाक्यावरच्या शिपायाची बायको, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो, तिनं निवाडा केला. दोन्ही ओळींनी एकेक जोडी द्यावी, मंडपात पट मांडावा, जिंकेल ती जोडी गौर आणेल. देवीसमोर कवड्या खोटं बोलत नाहीत, असं ती म्हणाली. बायकांना ते पटलं, कारण दुसरं काही पटण्यासारखं उरलंच नव्हतं.

माझ्या शेजारणीला गौर आणायची होती. ही हौस नव्हती. चार वर्षं ती इथं नांदत होती आणि चार वर्षं तिला मागं चालायला लावलं होतं. "ती रानातली, तिला आपली रीत काय कळतीया," असं एकदा वरच्या ओळीतली एक तिच्या देखत म्हणाली होती. तिनं तेव्हा मान खाली घातली आणि हातातली आरती पुढं केली. पण लग्नातलं हिरवं लुगडं तिनं त्या दिवसासाठी पेटीत वेगळं ठेवलं होतं. दर पावसाळ्यात त्याला बुरशी धरू नये म्हणून चुलीवरच्या दांडीवर पसरायची आणि परत घडी करायची. मला म्हणायची, "एकदा कळशी माझ्या हातात येऊ दे, मग कोण काय म्हणतंय ते बघू." त्या वर्षी खालच्या ओळीनं आम्हा दोघींची जोडी द्यायची ठरवली. तिनं ऐकलं आणि माझ्या दोन्ही हातांवर आपलं कपाळ टेकलं.

त्याच आषाढात वरच्या ओळीतल्या पार्सल कारकुनाकडं त्याची बहीण राहायला आली. बेळगावची, तिशीची असेल, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. लिहायला-वाचायला यायचं. तिच्याकडं पट होता, मखमलीचा, जरीच्या फुल्यांचा, आणि खेळायला कोणी नव्हतं. वरच्या ओळीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या, पण सणासुदीच्या खेळात तिला धरायच्या नाहीत. गौरीच्या पटावर तर तिनं बसायचा प्रश्नच नव्हता. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

माझ्या शेजारणीनं तिला पहिल्यांदा अळू नेऊन दिलं. मग रानातल्या शेवळांची भाजी. मग एके दुपारी मी पट पसरला आणि हाक मारली, तर खोलीला कडी. संध्याकाळी आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला.

"कुठं होतीस?" मी विचारलं.

"वर. त्या बाई पट शिकवत्यात. लई चांगलं शिकवत्यात."

"मी वाईट शिकवलं व्हय?"

"तसं न्हवं गं अक्का. तू शिकवलंस म्हणून तर त्यांचं कळतंय."

उत्तर चांगलं होतं. पण जळणाऱ्याला चांगलं उत्तर म्हणजे चुलीत घातलेलं वाळकं लाकूड. मी "शिक बाई" म्हटलं आणि भाकरी थापायला बसले. त्या दिवशी माझी एकही भाकरी फुगली नाही.

मग रोजच दुपारी ती वर जाऊ लागली. परत आली की माझ्याशी खेळायची, पण मध्येच थांबून डोळे मिटायची, तोंडातल्या तोंडात मोजायची, आणि मग अशी चाल करायची जी मी तिला शिकवलेली नव्हती. चांगली चाल असायची, तेच तर दुखायचं. मी मुद्दाम म्हणायची, "ही तुझी चाल की वरची?" ती हसायची. तिला टोमणा कळायचाच नाही, किंवा कळून ती तो खाली पडू द्यायची. माझा नवरा एकदा म्हणाला, "ती बाई चार दिसांची पाहुणी. तू कशाला तोंड आंबट करतीस?" मी त्याला त्या रात्री आमटीत मीठ जास्त घालून दिलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

श्रावणाच्या शेवटी एक दिवस आम्ही दोघी घागरी घेऊन टाकीखालच्या नळाकडं चाललो होतो. वरून कारकुनाची बहीण येत होती. माझी शेजारीण लांबूनच म्हणाली, "अक्का, थांबा, मी भरून देते." मला वाटलं, मलाच म्हणते आहे. मी थांबले. ती मला ओलांडून पुढं गेली आणि त्या बाईच्या हातातली घागर घेतली.

आधी ती तिला बाई म्हणायची. बाईपासून अक्कापर्यंत कधी आली, मला कळलंही नव्हतं. मी माझी घागर अर्धीच भरली आणि घरी आले. ती मागून आली, "काय झालं गं?" म्हणाली. मी म्हटलं, "डोकं दुखतंय." तिनं रानातला कसला तरी पाला वाटून माझ्या कपाळावर लावला. तिची थंडगार बोटं कपाळावरून फिरत असताना मी मनात म्हणत होते, या बोटांनी दुपारी मखमलीवरच्या सोंगट्या हलवल्यात.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात पट मांडला. पाऊस असा की पत्र्यावर कोणी सुपानं खडी ओततंय. शेजारी बसलेलीचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मग दान पडलं की बोटं वर करून दाखवायची आणि भिडूशी बोलायचं ते डोळ्यांनी. वरच्या ओळीकडून तारबाबूची बायको आणि तिची जाऊ. आमच्याकडून आम्ही दोघी. दोन्ही ओळींतल्या बायका भिंतीसारख्या भोवती. कारकुनाची बहीण आत आली नाही. मंडपाच्या दाराशी छत्री धरून उभी राहिली, माझ्या शेजारणीला दिसेल अशी.

डाव चांगला चालला. माझं दान नेहमीच चांगलं पडतं, ते मला कोणी शिकवावं लागलं नाही. माझ्या तीन सोंगट्या घरात गेल्या. तिच्या दोन गेल्या, एक फुलीवर सुरक्षित होती, आणि एक मागं पडलेली, पटाच्या माझ्या शेजारच्या पट्टीवर. तिच्या मागं वरच्या ओळीची काळी सोंगटी टपून बसलेली.

आणि सगळा वेळ माझी भिडू माझ्याकडं बघत नव्हती. चाल करायच्या आधी ती मान वर करायची आणि माझ्या डोक्यावरून दाराकडं बघायची. मी समोर बसले होते, हातभर अंतरावर. मी डोळ्यांनी सांगत होते, फुलीवरची हलवू नको, मागचीच काढ. ती आधी दाराकडं बघायची, मग माझ्याकडं. चाल मी सांगितलेलीच करायची, तरी आधी तिकडं. मला वाटलं, मी इथं नसते आणि माझ्या जागी नुसता पाट ठेवला असता तरी हिचं काही अडलं नसतं.

माझी पाळी आली. घरात जायला मला दहा हवे होते. कवड्या टाकल्या. एकच उताणी पडली.

बायकांनी दोन्ही हातांची बोटं वर केली. दहा. आत वळून घरात जायला बरोबर दहा. आणि न वळता सरळ पुढं काढली असती, तर माझी सोंगटी त्या काळ्या सोंगटीच्या पाठीवर जाऊन बसली असती. मग त्यांना माझ्या भिडूची सोंगटी मारायचं सोडून आपली पळवावी लागली असती. हे मला दिसत नव्हतं असं नाही. लहान पोरीलाही दिसलं असतं. माझ्या भिडूनं या वेळी दाराकडं बघितलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती, शांतपणे, कारण मी काय करणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

मी मान वळवून दाराकडं बघितलं. कारकुनाची बहीण माझ्या हाताकडं बघत होती. मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून सोंगटी आत वळवली आणि घरात ठेवली.

आमच्या ओळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी माझं घर भरलं होतं ना. मावशीनं माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या भिडूनं एकदा पटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पदर सावरून कवड्यांची वाट बघत बसली. दाराशी आता कोणी नव्हतं.

त्यानंतर ती एकटी खेळली. त्यांची दोन दानं झाली की हिचं एक. तरी बराच वेळ तिनं मागची सोंगटी वाचवली, मला वाटलं होतं त्याहून किती तरी वेळ. मी हात मांडीवर ठेवून बघत होते. अखेर त्यांना पाच पडले आणि सोंगटी मेली. पुन्हा पहिल्यापासून सगळा पट फिरायचा. ती अर्ध्यावर आली तेव्हा त्यांची आठवी घरात गेली.

पाऊस थोडा उघडला तेव्हा आम्ही खोलीकडं आलो. मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हते. दाराशी ती थांबली आणि म्हणाली, "तुझं तरी सगळं घरात गेलं अक्का. मीच मागं राहिले." मग आत जाऊन तिनं दांडीवरचं हिरवं लुगडं काढलं आणि पेटीच्या तळाशी घातलं. भिंत एका विटेची होती. पेटीचं झाकण बंद झालेलं मला माझ्या खोलीत ऐकू आलं.

गौरीच्या दिवशी कळशी तारबाबूच्या बायकोच्या हातात होती. पण झऱ्याकडची वाट पावसानं मोडलेली, आणि दुसरी वाट ठाऊक होती एकीलाच. माझी शेजारीण अंगावर गोणपाटाची खोळ घेऊन पुढं चालली, वाटेतल्या फांद्या धरून ठेवल्या, कुठं पाय ठेवायचा ते दाखवलं. झऱ्याशी पोचल्यावर ती बाजूला झाली. वरच्या ओळीच्या दोघींनी तेरडा उपटला, कळशीत घातला, आणि रीतीप्रमाणे न बोलता माघारी निघाल्या. ती पुन्हा मागून चालत आली. मी तिच्या बरोबरीनं चालत होते, आणि तिनं एकदा माझा हात धरला, कारण तिथं शेवाळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर एकटीच गेले. कारकुनाची बहीण तिथं होती. मागं फिरणं शोभलं नसतं, म्हणून मी घागर खाली ठेवली. नळाला पाणी बारीक होतं. ती माझ्याकडं न बघता बोलली.

"मी तिला काही सांगणार नाही."

"सांगायला काय हाय?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच भांडकुदळ वाटला.

"दहा पडले तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत."

तिनं भरलेली घागर बाजूला केली आणि माझी नळाखाली सरकवली. मी नको म्हणायच्या आत.

"मला झऱ्यावर जायचा हक्क नाही," ती म्हणाली. "ती गेली असती तर मी दारातून बघितली असती. तेवढंच होतं माझं. पण ते जाऊ द्या. ती माझ्याकडं महिनाभर येत होती. मी म्हणायची, आपली सोंगटी लवकर कशी न्यायची ते शिक. तिला ते नकोच असायचं. रोज एकच विचारायची. 'माझी अक्का मागं पडली तर मी कुठं थांबू?' पटावरची एकेक जागा दाखवून विचारायची. इथं पडली तर? आणि इथं पडली तर? मी हसायची. म्हटलं, अगं, तुझी अक्का एवढी चांगली खेळते, ती कशाला मागं पडेल? तर म्हणाली, 'तिला माझ्याशिवाय हितं कोण न्हाई. तिला एकटीला सोडून मी आत गेले तर तिला सोसायचं न्हाई.'"

माझी घागर भरून पाणी वाहायला लागलं होतं. तिनं नळ बंद केला, आपली घागर कमरेवर घेतली आणि वरच्या ओळीकडं निघून गेली.

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण खरं सांगते, सगळ्यांत आधी माझ्या मनात आलं ते दुसरंच. माझ्याबद्दलची एवढी आतली गोष्ट तिनं त्या बाईला सांगितली, मला नाही. नळाशी उभी राहून मी त्याच्यावरच जळत होते. लाज वाटली ती नंतर, घागर घेऊन घरी आल्यावर, जेव्हा शेजारच्या खोलीतून तिनं हाक मारली, "अक्का, पट घालू काय?"